प्रश्न उद्भवत नाही

(१९७५ च्या दहावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात आले तसेच ठेवले आहे.)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'विधिमंडळातील अनुभव' असा विषय छापला आहे. छापणाऱ्यांना वाटले असेल की पस्तीस वर्षे विधानभवनात काढलेला माणूस मंत्र्यांच्या चार गमती सांगेल आणि जेवणाआधीची वीस मिनिटे बरी जातील. गमती आहेत. पण आम्हा लोकांना त्या बाहेर सांगायची सवय नसते, आणि निवृत्त झालो म्हणून ती एकदम लागतही नाही.

मी तिथे नेमके काय करत होतो हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना आजही माहीत नाही. गावात कोणी म्हणते मी आमदारांचा पीए होतो, कोणी म्हणते टायपिस्ट. मी प्रतिवेदक होतो. सभागृहात अध्यक्षांच्या आसनासमोर खाली एक टेबल असते. तिथे बसून, जो जे बोलेल ते लघुलिपीत उतरवून घ्यायचे. काही मिनिटे झाली की मागून दुसरा येतो, आपण उठायचे, आत जाऊन लिहिलेले टंकलिखित करायचे, आणि पुन्हा आपली पाळी. दिवसभर हेच. सभागृहात आरडाओरडा सुरू झाला की सगळ्यांचे लक्ष ओरडणाऱ्याकडे असते. आमचे लक्ष मात्र त्या गोंधळात खाली बसून बोलणाऱ्या मंत्र्याच्या ओठांकडे असते. कारण नेमके तेव्हाच तो काहीतरी कबूल करून जातो.

पण मी आज बोलायला उभा राहिलो आहे तो आपल्या पैलवानामुळे. (तो तिथे मागे बसला आहे. शाळेतही मागेच बसायचा.) मेळाव्यासाठी ग्रुप तयार झाला तेव्हा कोणीतरी त्यावर आबासाहेबांचा फोटो टाकला. गणपतराव देशमुखांचा. खाली लिहिले होते, 'एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून अकरा वेळा आमदार'. नमस्काराचे हात, फुले, सगळे रीतसर आले. मग पैलवानाने एक ओळ लिहिली: "अकरा डाव निवडून दिलं. पानी कुठं व्हतं इतकी वर्सं?" आणि त्याखाली माझे नाव घालून, "तू तितंच व्हतास न्हवं? सांग की."

ग्रुपवर एकदम शांतता पसरली. मीही उत्तर दिले नाही. ते आज देणार आहे, जमेल तेवढे.

आधी आपलीच एक आठवण. बहात्तरच्या मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा आपण सातवीत होतो. १९६२ आणि १९६७ अशा दोन निवडणुका जिंकलेले आबासाहेब त्या वेळी पडले. पाठोपाठ पाऊसही पडला नाही. आठवीचे वर्ष आपण कसे काढले ते मी तुम्हाला सांगायला नको. वर्गात निम्मी बाके रिकामी असायची, कारण पोरे दुष्काळी कामावर. माझी आई आणि थोरली बहीण रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. आईच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचे नख तेव्हा गेले ते पुन्हा नीट आलेच नाही. मिलोच्या लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. ती सुकडी मी दप्तरातून आणायचो आणि मधल्या सुट्टीत आपण वाटून खायचो. आपले इतिहासाचे सर त्या वर्षी एकदा शिकवता शिकवता थांबले आणि म्हणाले, "आज ज्यांनी सकाळी काही खाल्लेले नाही त्यांनी हात वर करू नका, नुसते मान खाली घाला." सर आज आपल्यात नाहीत. त्यानंतर काय झाले ते त्या वर्गातल्यांना माहीत आहे.

मग १९७४ साली पोटनिवडणूक झाली. जीपवर कर्णा, लाल बावटा, आणि धुरळ्यातून मागे पळणारे आपण. आबासाहेब निवडून आले. आपल्याला त्यातले राजकारण काही कळत नव्हते. शेतकरी कामगार पक्ष म्हणजे काय, त्या पक्षाचा दाभाडीचा प्रबंध म्हणजे काय, काहीही नाही. एवढेच कळत होते की हा माणूस वकील असून धोतरातल्या माणसांशी त्यांच्यासारखाच बोलतो आणि एसटीने येतो-जातो. पुढे पंचाहत्तरच्या मार्चमध्ये आपण दहावी झालो. जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन तुकड्या एकाच वर्षी बाहेर पडल्या आणि नोकरीच्या रांगा दुप्पट झाल्या, ते दुःख वेगळे.

मी पंढरपूरला टायपिंग शिकलो, मग मराठी लघुलेखन, आणि १९८२ साली मुंबईला विधिमंडळात लागलो. नरिमन पॉइंटची नवी इमारत तेव्हा अगदी नवी होती. पहिल्या अधिवेशनात टेबलाशी बसलो आणि विरोधी बाकांवरून आपल्या तालुक्याच्या आमदारांचा आवाज आला, तेव्हा पेन्सिल क्षणभर थांबली. माझ्या शेजारच्या वरिष्ठांनी नुसते पाहिले. नंतर आत गेल्यावर म्हणाले, "इथे आपल्या गावचे कोणी नसते." ते मी पस्तीस वर्षे पाळले. कोणाला मत दिले तेही कधी घरात सांगितले नाही, आजही सांगणार नाही.

मात्र कान आपला असतो, त्याला काय करणार! आबासाहेबांचे बोलणे लिहून घेणे आम्हा सगळ्यांना सोपे जाई. आवाज चढत नसे. वाक्य पुरे होत असे. हे तुम्हाला किरकोळ वाटेल, पण चांगल्या चांगल्या वक्त्यांची वाक्ये कागदावर उतरवली की शेपूट सापडत नाही. त्यांच्या हातात कागद असायचा आणि त्यावर आकडे. शेरोशायरी नाही, टोमणे क्वचित. ते उभे राहिले की समोरच्या बाकांवरची कुजबुज कमी व्हायची. भीतीने नव्हे, या माणसाला मागचे आठवते, हे सगळ्यांना ठाऊक होते म्हणून. कोणत्या मंत्र्याने कोणत्या अधिवेशनात काय सांगितले होते, ते.

आता पैलवानाच्या प्रश्नाकडे यायचे तर विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हातात काय असते, ते थोडे सांगावे लागेल. कारण आपण गावात समजतो की आमदार म्हणजे मामलेदाराच्या वरचा मामलेदार; त्याने म्हटले की पाणी यावे.

त्याच्या हातात मुख्यतः प्रश्न असतो. तारांकित प्रश्न कसा लिहितात माहीत आहे? प्रत्येक वेळी एकाच साच्यात. 'अमुक तालुक्यातील अमुक तलावाचे काम अपूर्ण आहे, हे खरे आहे काय. असल्यास, त्याची कारणे काय आहेत. असल्यास, ते केव्हापर्यंत पूर्ण होईल?' उत्तरही साच्यात येते. 'होय.' किंवा 'हे खरे नाही.' किंवा 'अंशतः खरे आहे.' किंवा 'बाब विचाराधीन आहे.' आणि पहिल्यालाच 'नाही' म्हटले की पुढच्या साऱ्या भागांना एकच उत्तर: 'प्रश्न उद्भवत नाही.'

हे वाक्य मी किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही. माझ्या आईच्या अंगठ्याचे नख गेले, मैलभरावरून घागर आणावी लागली, बैल बाजारात अर्ध्या किमतीला विकावे लागले. आणि छापील कागदावर: प्रश्न उद्भवत नाही. नवा होतो तेव्हा राग यायचा. पुढे कळले की जुना मुरलेला सदस्य त्या वाक्यावर थांबत नाही. तो उपप्रश्न विचारतो. भागले नाही तर अर्धा तास चर्चा मागतो. मग लक्षवेधी. मग पुरवणी मागण्यांवर बोलताना तोच विषय. मग अर्थसंकल्पात कपात सूचना. पुढच्या अधिवेशनात पुन्हा पहिल्यापासून. एकेक शब्द पुढे सरकवायचा असतो: 'नाही'चे 'अंशतः', 'अंशतः'चे 'विचाराधीन', 'विचाराधीन'चे 'सर्वेक्षण सुरू आहे'.

आणि एक महत्त्वाची जागा म्हणजे आश्वासन समिती. मंत्री सभागृहात 'करू' म्हणाला, की ते वाक्य आमच्या कागदावरून उचलून त्या समितीकडे जाते आणि खात्याला त्याचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून 'करू' आणि 'करण्याचा विचार करू' यांत जमीन-अस्मानाचा फरक. माझ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी घाईत असे एक 'विचार' खाऊन टाकले होते. विषय आपल्या तालुक्याचा नव्हता, मंत्री कोण ते सांगत नाही. प्रत तपासताना चूक सापडली आणि मला जन्मभर पुरेल एवढे ऐकून घ्यावे लागले. पण त्या दिवशी मला प्रथमच पटले की ही पोकळ बडबड नाही, इथल्या एका शब्दाला वजन आहे. आबासाहेब त्याच वजनाचे माणूस होते. मंत्री बोलत असताना ते लिहून घेत.

सत्तेत ते होते किती दिवस? १९७८ च्या जुलैमध्ये पुलोदचे सरकार आले त्यात मंत्री झाले. ते सरकार १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाले. दुसऱ्यांदा १९९९ च्या आघाडी सरकारात. तेही पुरती पाच वर्षे नाही. दोन्ही मिळून पाच वर्षेही भरत नाहीत. सदस्य म्हणून पन्नासच्या वर वर्षे, आणि त्यातली बहुतेक विरोधी बाकावर, अशा पक्षात की ज्याचे आमदार पुढे पुढे हाताच्या बोटांवर मोजावेत. निधी कुठे जातो आणि कुठे अडतो हे तुम्हाला कळते. पैलवानाचा एक मुद्दा हाच आहे आणि तो खोटा नाही. तो म्हणतो, "मानूस सरळ व्हता म्हनून आमी त्याला दिलं. पन सरळपनाची किंमत आमी भरली. सत्तेतल्या आमदाराच्या तालुक्याला कालवं गेलं."

महिनाभरापूर्वी मी गावी आलो तेव्हा त्याच्या बांधावर बसून आमचे हेच चालले होते. त्याचे डाळिंब या वर्षी बरे आहे. मध्ये तेल्याने सगळी बाग काढावी लागली होती, पुन्हा लावली. तो म्हणाला, "अन् एक सांगतो तुला. टेंभू मंजूर कवा झाली? शहाण्णवला. तवा आबासाहेब कुठं व्हतं? घरी!"

खरे आहे. १९९५ साली आबासाहेब पडले होते. टेंभूला मंजुरी १९९६ ची, युतीच्या काळातली. कृष्णा खोरे महामंडळही त्याच वर्षीचे. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी दिले होते आणि वाटपाचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होणार होता. तोपर्यंत आपला वाटा अडवला नाही तर हातचा जाईल या भीतीने सगळी धावपळ झाली. म्हणजे टेंभू ही कोणा एकाची देणगी नाही. मी हे पैलवानाला कबूल केले. श्रेय एका माणसाला देऊन टाकणे आम्हा प्रतिवेदकांना तसेही जमत नाही. आम्ही प्रत्येक बोलणाऱ्याचे नाव लिहितो.

पण मग मी त्याला विचारले, "त्र्याण्णव साली आटपाडीला कोण जमलं होतं?" तो गप्प झाला, कारण त्याचे वडील गेले होते. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवली, आबासाहेब त्यांच्याबरोबर होते, भारत पाटणकर होते. पुढे ती परिषद वर्षानुवर्षे भरत राहिली. तिथली मागणी नुसती 'आम्हाला पाणी द्या' अशी नव्हती. ज्याची जमीन कालव्याला लागून त्याला बारमाही आणि ज्याची माळाला त्याला काहीच नाही, हे चालणार नाही. पाणी समन्यायी वाटले पाहिजे, अशी ती मागणी होती. बाहेर परिषद आणि आत सभागृह, अशा दोन्ही टोकांनी ते ओझे उचलले गेले. आतले टोक माझ्या डोळ्यांसमोर होते म्हणून मला मोठे दिसते, बाहेरचे टोक त्याच्या वडिलांच्या खांद्यावर होते म्हणून त्याला मोठे दिसते. भांडण एवढेच.

आणि मंजुरी म्हणजे पाणी नव्हे, हे त्यालाही माहीत आहे. कराडजवळ कृष्णेतून उचलायचे, पाच टप्प्यांत चढवत चढवत सातारा-सांगलीचे तालुके पार करून आपल्यापर्यंत आणायचे. आपण शेवटी. कुठल्याही योजनेत आपण शेवटीच असतो. नीरेच्या उजव्या कालव्यातही शेपटाला आपणच. २००० नंतर तर आणखी एक अडचण आली. विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष आधी भरून काढायचा म्हणून राज्यपालांच्या निर्देशांनी निधीचे वाटप ठरू लागले. तत्त्व बरोबरच होते. पण त्या हिशेबात आपण 'उर्वरित महाराष्ट्रा'त, म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या पट्ट्याबरोबर एका ओळीत! पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा माणदेश आणि पंचगंगेचा काठ यांना एकच नाव. हा मुद्दा सभागृहात समजावून सांगणे फार कठीण असते, कारण ऐकणाऱ्याला वाटते हा पश्चिम महाराष्ट्राचा आमदार, याला आणखी काय हवे? १९९९ नंतर आबासाहेब परत आले आणि त्यांच्या बोलण्यात टेंभू, म्हैसाळ, नीरा, चाऱ्याच्या छावण्या हे शब्द इतक्यांदा आले की आमच्या तरुण प्रतिवेदकांनी 'टेंभू'साठी लघुलिपीत स्वतंत्र चिन्ह करून घेतले. पुढे पाणी उचलायची वीज, तिचे बिल कोणी भरायचे, हा नवा तिढा. अखेर ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्याने, असे ठरले. हे आकडे आज सगळ्यांच्या तोंडी आहेत. पण तिथपर्यंत येईतो पंप बंद पडून किती हंगाम गेले ते पैलवानाला विचारा, तो तारखांसकट सांगेल.

टेंभूचे पाणी माण नदीच्या वाळूत दिसले तेव्हा आपण सगळ्यांनी पन्नाशी ओलांडली होती. काही गावे अजून वाट पाहतात. तेव्हा 'पानी कुठं व्हतं' याचे माझे खरे उत्तर असे आहे, मित्रा: ते कागदावर होते. एकेक शब्दाने पुढे सरकत होते. आणि हे उत्तर पुरेसे नाही हे मला कळते. ज्याचे तरुणपण त्या कागदाच्या प्रवासात कोरडे गेले त्याला हे सांगायला मला तोंड नाही, कारण मी कागदाच्या बाजूला होतो, महिन्याच्या महिन्याला पगार घेत.

इथे मला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती आबासाहेबांची नाही, आपली आहे.

१९९५ ची निवडणूक आबासाहेब हरले ते दोनशेहून कमी मतांनी. जिंकले ते शहाजीबापू पाटील. ज्यांचे फोनवरचे बोलणे २०२२ साली साऱ्या महाराष्ट्राला पाठ झाले तेच. ते आपल्याच तालुक्याचे, त्यांनीही या भागासाठी धडपड केली, त्यांना मत देणारे आपल्यातही खूप आहेत. मला त्यात पडायचे नाही. मला सांगायचे आहे ते त्या दोनशेबद्दल.

माझे नाव त्या वेळी गावच्या यादीत होते. मुंबईला हलवायचे राहून गेले होते. मतदानाच्या आदल्या रात्री परळहून एसटी होती. मी गेलो नाही. अधिवेशन नव्हते, रजा मिळाली असती, घरात कोणी आजारी नव्हते. नुसता कंटाळा केला. रात्रभर धक्के खात जायचे, सकाळी बोटाला शाई लावायची आणि पुन्हा रात्रभर धक्के खात यायचे, एका मताने काय होते, असे म्हणालो. निकाल लागला त्या दिवशी मी डोक्यात यादी करायला लागलो. आपल्या तुकडीतले परळ-लालबागला किती, डोंबिवलीला किती, पिंपरी-चिंचवडला किती, भिवंडीच्या मागावर किती, आणि त्यांतल्या किती जणांची नावे अजून गावच्या यादीत. नुसत्या आपल्या शाळेच्या पुढच्या-मागच्या चार तुकड्या धरल्या तरी दोनशेचा आकडा मागे पडत होता. मी कोणाला मत देणार होतो ते सांगत नाही. कदाचित माझे मत पडूनही आकडा तिकडेच वाढला असता. पण पाच वर्षे या तालुक्याच्या वतीने कोण उभे राहणार हे ठरत होते, आणि ते ठरवायला आम्ही आलो नाही. पाणी नाही म्हणून गाव सोडले, आणि गाव सोडले म्हणून पाण्याचा प्रश्न विचारणाऱ्याची निवड दुसऱ्यांवर सोडली. नंतर पुढच्या अधिवेशनात टेबलाशी बसलो. विरोधी बाकांवरची ती जागा दुसऱ्या कोणाची होती, आणि माझ्या पाळीत चार वर्षे 'सांगोला' हा शब्द मला फार थोड्या वेळा लिहावा लागला.

हे पैलवानाला सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, "मर्दा, तवा मी पन न्हाई गेलो. कांदा काडायचा व्हता." मग दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

नंतरचे तुम्हाला माहीत आहे. १९९९, २००४, २००९, आणि २०१४ साली वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी पुन्हा. त्या शेवटच्या सभागृहातले त्यांचे पहिले तीन वर्षांचे बोलणे मी लिहिले आणि २०१७ ला निवृत्त झालो. त्यांना ऐकू कमी यायचे, उठायला वेळ लागायचा. वाक्य मात्र अजूनही पुरे व्हायचे. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत. पक्षाने नातवाला उभे केले आणि तो ७६८ मतांनी पडला. २०२४ ला दुसरा नातू निवडून आला. एवढ्या तत्त्वाच्या पक्षालाही घराबाहेर माणूस सापडू नये, हे मला खटकले, आणि ते इथे बोलून टाकतो. पैलवानालाच काय, इथल्या बऱ्याच जणांना ते आवडणार नाही. ३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. करोनाचे दिवस, मला येता आले नाही. या वेळी खरोखरच येता आले नाही.

त्यांनी उभी केलेली सूतगिरणी, महिलांची सूतगिरणी, यांच्याबद्दल इथे माझ्यापेक्षा अधिक माहिती असणाऱ्या आपल्या दोन वर्गभगिनी बसल्या आहेत. त्यांच्या निवृत्तिवेतनाचा आणि लेकींच्या शिक्षणाचा हिशेब त्याच सांगू शकतील. मी ऐकीव बोलत नाही.

बांधावरून उठताना पैलवानाने मला एक विचारले. म्हणाला, "त्या तुज्या पुस्तकात आपल्या गावच्या तलावाचं नाव हाय का रं?" चौऱ्याहत्तरच्या पोटनिवडणुकीनंतर त्याच्या वडिलांनी तलावाच्या अपुऱ्या कामाबद्दल आबासाहेबांकडे अर्ज दिला होता म्हणे. त्याचे पुढे काय झाले, कधी विचारले गेले का, हे त्याला हवे होते. पन्नास वर्षांनी.

विधानभवनाच्या ग्रंथालयात कार्यवाहीचे जुने खंड बांधून ठेवलेले असतात. परत गेल्यावर मी तिथे गेलो. ओळखीच्या माणसांनी चहा पाजला आणि पंचाहत्तर ते अठ्ठ्याहत्तरच्या खंडांतल्या सूचीच्या झेरॉक्स काढू दिल्या. गठ्ठा इथे पिशवीत आहे. मी तो वाचलेला नाही. मुद्दाम नाही वाचला. जेवण झाल्यावर आपण दोघे आपल्या जुन्या दहावीच्या खोलीत बसून पानामागून पान बघणार आहोत. सूचीत तालुक्याच्या नावाखाली बघायचे असते. छापील अक्षर बारीक आहे, तेव्हा कोणाकडे चांगला चष्मा असेल तर त्यानेही यावे.